जुव्यावर मुक्काम : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांना कुठेतरी अगदी शांत ठिकाणी जायचं असतं आणि त्या शांततेत बाराजण, ब्लूटूथ स्पीकर आणि कॅरमबोर्ड न्यायचा असतो, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. पवना धरणाच्या काठावर शेजारच्यांच्या तंबूच्या दोऱ्यांत पाय अडकवून झाले. आता बेट हवं. बेट म्हटलं की होडी आली, होडी म्हटली की फोटो आले. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. पुढचं शिकावं लागतं.

स्थळ : सिंधुदुर्ग जिल्हा, मालवण तालुका. गड नदी समुद्राला मिळण्याआधी ऐसपैस पसरते. तिथे तिला कालावलची खाडी म्हणतात. या खाडीत बेटं आहेत, त्यांना इकडे जुवा म्हणतात. जुवा ओसाड नसतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिथे माड असतात, कौलारू घर असतं, विहीर असते, अंगणात तुळस असते. तुम्ही अज्ञात भूमीवर पाऊल ठेवल्याच्या थाटात पहिली खुंटी हातात घेता, तेव्हा पडवीतून एक आजी ओरडते, "खुटो थय मारू नको रे, थय मिरची लायलेली असा!"

देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा जो पट्टा 'त्सुनामी आयलंड' म्हणून दाखवतात, त्याला या मार्गदर्शिकेत जागा नाही. तो दोन घटका पाण्यात पाय सोडून बसायला ठीक आहे. भरतीला तिथे पाणीच वस्तीला येतं.

पाठ पहिला : तारीख ठरवणे

व्हॉट्सअॅप ग्रुप काढावा. त्यावर मतदान घ्यावं. कोणाच्या मुलाची चाचणी, कोणाच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कोणाचं महिनाअखेरचं क्लोजिंग, हे सगळं टाळून दोन शनिवार उरतात. मग कोणीतरी लिहितं, "पौर्णिमेचा घ्या ना! चांदण्यात काय भारी वाटेल!" अकरा अंगठे वर होतात. सहल बुडायला इथूनच सुरुवात होते.

खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि या वेळा रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे चढही मोठा आणि उतारही मोठा. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी दोन्हीकडे बेताने वागतं. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब पाऊणकीच्या पाढ्यावर चालतो : तिथीला पाऊणने गुणा, उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. पावकी-पाऊणकी पाठ करून पुढे आयुष्यात काय मिळालं, असं विचारणाऱ्या पिढीला हे उत्तर.

आता पौर्णिमेचा बेत ताडून पाहा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे भरती सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला. ग्रुपने ठरवलेलं असतं की सूर्यास्ताला जुव्यावर उतरायचं. त्या वेळी खाडी उतरलेली, होडी काठापासून लांब उभी, आणि मधे पोटरीभर गाळ. त्या गाळात गेलेली चप्पल परत मिळत नाही, आणि चप्पल शोधताना पायाखाली कालवांच्या शिंपल्यांची धार लागते. नंतर रात्री सव्वाअकराला, अंताक्षरी ऐन 'म'वर अडलेली असताना, त्याच जागी उधाणाचं पाणी तंबूच्या दारात येऊन उभं राहतं. चांदणं मात्र खरोखर सुंदर असतं. ओल्या सतरंजीवर बसूनही ते दिसतं.

अष्टमी घ्या. आठ पाऊणे सहा. संध्याकाळी सहाला खाडी भरलेली, सूर्य टेकलेला, होडी थेट पायरीला लागते. फोटो हवे होते, ते इथेच. शुद्ध अष्टमी असेल तर मध्यरात्रीपर्यंत अर्धा चंद्र आणि पुढे नुसत्या चांदण्या, म्हणजे दोन्ही पक्ष खूश. तेव्हा मुक्कामाच्या सामानातली सर्वांत महत्त्वाची वस्तू तंबू नव्हे, कालनिर्णय. १९७३ साली ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच होते, त्यामुळे ते इथे घेऊन येणं म्हणजे माहेरी आणण्यासारखंच. हा हिशेब ढोबळ आहे. खाडीत जितकं आत जावं तितकी वेळ बदलते. शेवटचा शब्द तांडेलाचा.

ऋतूबद्दल थोडक्यात : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे संपता संपता प्रवासी होड्या बंद होतात, त्या थेट पावसाळा सरत आल्यावर सुरू होतात. 'मान्सून कॅम्पिंग करू या का?' असं विचारणाऱ्याला प्रेमाने ग्रुपमधून काढावं.

पाठ दुसरा : तांडेलाशी बोलणे

तांडेल म्हणजे होडी चालवणारा. नवशिका त्याला फोन करून दादर स्टेशनवरच्या चौकशी खिडकीशी बोलावं तसं बोलतो. संभाषण सर्वसाधारणपणे असं होतं :

"काका, रविवारी परत यायला अकराची होडी ठेवाल ना?"

"अकराक पाणी नाय."

"मग साडेअकरा?"

"साडेअकराक तर मुळीच नाय."

"थोडं अॅडजस्ट नाही का होणार?"

"मी करतंय ओ अॅडजस्ट. पाण्याक कोण सांगतलो?"

यानंतर संयोजकाने ग्रुपवर 'बोटवाला जरा रिजिड आहे' असा संदेश टाकू नये. शहरातली बहुतेक मोठी माणसं रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, देवाशीसुद्धा घासाघीस करून जगलेली असतात. ज्याच्याशी घासाघीस होत नाही असा कोणी भेटला की ती गोंधळतात. खाडी तशी आहे. तिच्या वतीने बोलणारा तांडेल आहे. त्याला आधी वेळ विचारावी, मग तिकीट काढावं. कोकण रेल्वेचं परतीचं तिकीट आधी आणि भरतीची चौकशी नंतर, असा क्रम लावणाऱ्यांनी कणकवलीच्या फलाटावरून मांडवी एक्सप्रेस गेल्यानंतर तिथे पोचण्याचा सराव ठेवावा.

फोनवर आणखी तीन गोष्टी विचारायच्या. होडीला बंदर विभागाचा परवाना आहे का? माणशी एक लाइफ जॅकेट आहे का? आणि ज्या जागेवर तंबू टाकायचे ती कोणाची? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जुव्यावरची प्रत्येक फूटभर जमीन कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे, आणि त्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, पैकी नऊ मुंबईला. मालकाला विचारलं की जागा मिळते, विहिरीची बादली मिळते, बहुधा संडासही मिळतो. न विचारता उतरलं की फक्त कुत्री मिळतात.

पाठ तिसरा : सामान

साहित्य : तंबू, जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक, जास्तीची दोरी, रिकाम्या गोणी, माणशी एक बॅटरी, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम, जुनी पट्ट्यांची चप्पल, प्रथमोपचाराची पेटी, कचऱ्यासाठी जाड पिशव्या, कालनिर्णय.

प्रत्यक्षात येणारं साहित्य : केक. कोणाचा तरी वाढदिवस त्या आठवड्यात असतोच.

पाण्याचा विचार करण्याची आपल्याकडे जुनी आणि चांगली परंपरा आहे. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. तटबंदी कितीही भक्कम असली तरी आतल्या माणसाला तहान लागते, हे तिथे आधीच ध्यानात घेतलेलं होतं. आपला संयोजक चिवड्याचे तीन प्रकार घेतो आणि पाण्याबद्दल म्हणतो, "नदी आहे ना!" नदी आहे, पण ती खारट आहे. जुव्यावरची विहीरही उन्हाळ्याकडे मचूळ होऊ शकते. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी धरावं. बारा माणसं, दोन दिवस. उरलेला गुणाकार संयोजकाने करावा आणि कॅरमबोर्ड घरी ठेवावा.

पाठ चौथा : होडीत बसणे

तांडेल सांगेल तिथे बसावं. तो वजनं बघून माणसं लावतो. आपल्याला मधे बसवलं तर तो मान समजू नये आणि अपमानही. लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बांधावेत. फोटोपुरतं अंगावर घेऊन नंतर उशाला घ्यायची ती वस्तू नव्हे. होडीत उभं राहू नये. डावीकडे पाणमांजर दिसलं म्हणून सगळ्यांनी डावीकडे धावू नये. कांदळवनाच्या कडेला पाणमांजरं दिसतात हे खरं, पण बाराजण एका काठावर आले तर ती पुढे खूपच जवळून दिसतील.

वाटेत ज्या झाडांची मुळं चिखलातून टाचण्यांसारखी वर आलेली दिसतात, ती कांदळवनं. त्यातल्या पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केलं. त्याची फांदी शेकोटीला तोडणं हा गुन्हा आहे. शिवाय ओलं लाकूड पेटत नाही, नुसता धूर करतं. म्हणजे गुन्हाही फुकट जातो.

पाठ पाचवा : तंबू

काठावर उतरल्यावर आधी कचऱ्याची रेघ शोधावी. वाळूवर सुकलेली पानं, माडाची सोडणं, थर्माकोलचे तुकडे, बाटलीची बुचं आणि कोणाची तरी एकटी चप्पल एका वळणदार ओळीत पडलेली दिसतात. मागच्या भरतीचं पाणी तिथवर आलं होतं. त्याच्या वर, झाडाझुडपांच्या जवळ आणखी एक जुनी, करडी पडलेली ओळ असते, ती उधाणाची. तंबू या दुसऱ्या ओळीच्याही वर टाकावा. 'पाण्याला लागून' तंबू टाकण्याचा आग्रह धरणाऱ्याला तिथे जरूर टाकू द्यावा, पण किमती वस्तू त्याच्या तंबूत ठेवू नयेत. अगदी काठावरही नको. खाडीतल्या वाळूउपशामुळे काठ ढासळतात, ही इथल्या लोकांची जुनी तक्रार आहे.

तंबू माडाखाली टाकू नये. माडाखाली सावली असते, झुळूक असते, चित्रातल्यासारखं सगळं असतं. वर नारळही असतात. नारळ एक वेळ चुकेल, पण सुकलेलं चुडत पडतं ते दोन माणसांच्या लांबीचं असतं.

सोबत ट्रेकचा अनुभव असलेला एकजण असतोच. तो खुंटी वाळूत ठोकतो, हात झटकतो आणि दुसऱ्यांना शिकवायला जातो. तोवर खुंटी बाहेर आलेली असते. मोकळ्या वाळूत खुंटी धरत नाही. त्याऐवजी गोणीत वाळू भरावी, तिच्या मधोमध तंबूची दोरी बांधावी, हातभर खोल खड्डा करून गोण आडवी पुरावी आणि वरची वाळू पायाने दाबावी. गोणी संपल्या तर नारळाचं अख्खं सोडण आडवं पुरलं तरी चालतं. दुपारभर समुद्राकडून येणारे खारे वारे तंबू कसे फुगवतात ते पाहिलं की या खड्ड्याचा कंटाळा येत नाही. रात्री उशिरा मतलई वारे सुटतात आणि दिशा उलटते. चूल मांडताना हे लक्षात ठेवावं, नाहीतर संध्याकाळी ज्या तंबूकडे धूर जात नव्हता तो मध्यरात्री धुरावला जातो.

तंबूच्या खिडक्या बंद करून झोपू नये. खाडीवर दमट हवा असते. आतल्या श्वासाचं पाणी होऊन ते पहाटे कपाळावर टपकतं. मग 'तंबू गळतो' असा रिव्ह्यू लिहिला जातो.

पाठ सहावा : जेवण

ग्रुपच्या यादीत बार्बेक्यू असतो. त्यासाठी मॅरिनेट केलेलं चिकन मुंबईहून बर्फात निघतं, आणि जुव्यावर पोचेपर्यंत त्याच्या वासावरून दोन गट पडतात. हा प्रकार अशा ठिकाणी होतो जिथे सकाळीच बांगडे उतरलेले असतात.

शहाण्याने एक जेवण यजमानांच्या घरी सांगून ठेवावं. तिरफळं घातलेली बांगड्याची कढी, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी याच्या तोडीचं काही तुम्हाला दोन विटांवर जमणार नाही. दुसरं जेवण स्वतः करायचंच असेल तर कुळथाची पिठी. इन्स्टंट सूपची पाकिटं निघण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात हा तयार माल डब्यात भरलेला असतो. तेलात ठेचलेली लसूण आणि मिरची टाका, लसूण तांबूस झाली की पाणी ओता. वेगळ्या भांड्यात पीठ थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि ते उकळीत सोडा. मीठ, दोन-तीन आमसुलं, आणि ढवळणं थांबवू नका. दाट झाली की भातावर. एक पातेलं, एक पळी. बाराजणांपैकी सातजण आधी नाक मुरडतात आणि नंतर पातेलं पुसून घेतात.

जळणाला करवंट्या आणि वाळलेली चुडतं मालकाकडे मागावीत. मागावीत, उचलू नयेत.

पाठ सातवा : रात्र

अंधार पडण्याच्या सुमाराला घुंगुरटी येतात. डास गुणगुणून वर्दी देतो, घुंगुरटं तेवढंही सौजन्य दाखवत नाही. पूर्ण बाह्या, मोजे आणि मलम. बाकी उपाय गप्पांपुरते.

स्पीकर लावायचा असेल तर आधी एक प्रयोग करावा. समोरच्या काठावर कोणी खोकलं तर ते जुव्यावर ऐकू येतं का, ते पाहावं. येतं. म्हणजे आपली गाणीही पलीकडे पोचतात, आणि पलीकडे लोकांना पहाटे मासेमारीला उठायचं असतं. रात्री कधीतरी कोल्हेकुई ऐकू येईल; खेकडे खायला कोल्हे कांदळवनात येतात. त्या वेळी, दिवसभर 'निसर्गाच्या कुशीत' म्हणणारे सर्वजण एकाच तंबूत आढळतात.

पाठ आठवा : पाण्यात उतरणे

या पाठात गंमत नाही. ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी समुद्राकडे ओढ घेतं, आणि मुखाजवळ ती ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही परतू देत नाही. तांडेल किंवा घरातलं माणूस 'इथे उतरा' म्हणेल तिथेच, कमरेइतक्या पाण्यात, भरतीच्या वेळी आणि जॅकेट घालून. अंधारात नाही. दारू घेतल्यावर कधीच नाही.

शंका-समाधान

मोबाइलला रेंज येते का? येते, एकाच माडाखाली. वर पाठ पाचवा पाहावा.

साप असतात का? असतात. तंबूची चेन लावावी, बूट झटकून घालावेत, बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये.

मुलांना न्यावं का? अवश्य. जॅकेट घाला म्हटल्यावर पहिल्यांदा घालणारी तीच असतात.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुव्यावरच्याच घरात खोली घेतली तर? ही मार्गदर्शिका नीट वाचल्याची ती खूण आहे. खोली घ्यावी, अंगणात हौसेपुरता एक तंबू टाकावा, आणि पहाटे दहिवर पडायला लागलं की निमूटपणे घरात यावं.

पाठ शेवटचा : परत येणे

रविवारी नवमी. नऊ पाऊणे पावणेसात. सकाळी पावणेसातच्या आसपास निघा, नाहीतर दुपार उलटून पाणी पुन्हा चढेपर्यंत थांबा. 'नाश्ता करून आरामात' ही वेळ कालनिर्णयात कुठेच दिलेली नाही. ठरलेले पैसे निघण्याआधी द्या, आणि 'पुढच्या वेळी अजून माणसं आणतो' या आश्वासनावर सूट मागू नका. ते आश्वासन ऐकून यजमानांना आनंद होईलच असं नाही.

जुव्यावर घंटागाडी येत नाही. प्लास्टिकची प्रत्येक पिशवी, प्रत्येक बाटली होडीने आली आहे, ती होडीनेच परत गेली पाहिजे. नाहीतर पुढच्या भरतीत ती काठावरच्या त्या रेघेत जाऊन बसते. म्हणून निघताना होडीत आधी कचऱ्याची पिशवी चढवा, मग माणसं. आधी माणसं चढली की पिशवी काठावरच राहते.